सॉफ्टवेअर बनवलंत, आता त्याचं डॉक्युमेंटेशन कुठून सुरू कराल?



आपल्या चॅनेलवर मसाले, बेकरी, टेलरिंग, पॅकेजिंग असे धंदे जास्त येतात. पण तुमच्यापैकी काही जण सॉफ्टवेअर विकतात किंवा विकायच्या तयारीत आहेत. एकट्याने किंवा दोघांनी मिळून बनवलेलं बिलिंगचं, क्लासच्या फीचं, दवाखान्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर. हा धडा त्यांच्यासाठी. व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवलंय, इथे सविस्तर लिहितो, म्हणजे शेजारी उघडं ठेवून काम करता येईल.

आधी हिशेब करू. समजा, तुम्ही बांधकाम साहित्याच्या दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवलंय आणि ४० दुकानदार ते वापरतात. प्रत्येकाचे आठवड्याला दोन फोन, एक फोन १० मिनिटांचा. झाली ८०० मिनिटं, म्हणजे १३ तासांहून जास्त. आठवड्यातले जवळजवळ दोन दिवस तुम्ही "वरती डाव्या बाजूला बघा, निळं बटण दिसतंय का?" एवढंच बोलताय. आता दुकानं १०० झाली तर? ३३ तास. म्हणजे गिऱ्हाईक वाढलं की धंदा वाढायच्या ऐवजी तुम्हीच फोनला बांधले जाता. त्यासाठी माणूस ठेवला, तरी त्या माणसाला शिकवणार कोण? पुन्हा तुम्हीच.

दुसरा धोका याहून मोठा आहे. सॉफ्टवेअर कसं चालतं, बॅकअप कुठे जातो, डोमेन कुणाच्या नावावर आहे, हे सगळं एकाच डोक्यात असतं. तो भागीदार नोकरी लागून बंगळुरूला गेला किंवा महिनाभर दवाखान्यात राहिला, की ४० दुकानांची बिलं तुमच्या भरवशावर आणि तुम्हाला त्यातलं निम्मं माहीत नाही. उद्या कुणी तुमचा धंदा विकत घ्यायला आला, तर तो हेच आधी विचारेल.

या दोन्हींवर उपाय एकच, लिहून ठेवणं. सरकारी मराठीत याला दस्तऐवजीकरण म्हणतात, पण तो शब्द ऐकला की फाइली आणि शिक्के डोळ्यासमोर येतात आणि माणूस पळतो. आपण डॉक्युमेंटेशनच म्हणू.

पहिलं पान कोणतं?

बहुतेक जण इथेच फसतात. "प्रस्तावना", "आमच्याविषयी", "वैशिष्ट्ये" अशी अनुक्रमणिका करतात, दोन पानं लिहितात आणि थांबतात. दुकानदाराला तुमची वैशिष्ट्यं नको असतात, त्यांचे पैसे देऊन झालेत. त्याच्या काउंटरवर माणूस उभा आहे आणि बिल निघत नाहीये, त्याचं उत्तर त्याला हवं असतं.

म्हणून अनुक्रमणिका डोक्याने बनवू नका. मोबाइल घ्या, गिऱ्हाइकांचे गेल्या महिन्याचे व्हॉट्सॲप मेसेज उघडा आणि आलेले प्रश्न एका वहीत उतरवा. जसेच्या तसे, त्यांच्याच शब्दांत. "बिल चुकलं, परत कसं करू?" "नवीन वर्षाला बिल नंबर एकपासून का येत नाही?" "कर्नाटकातल्या पार्टीला बिल केलं तर वेगळाच टॅक्स का लागला?" एकच प्रश्न पुन्हा आला की शेजारी रेघ मारा. ज्याच्यापुढे सगळ्यात जास्त रेघा, ते तुमचं पहिलं पान. प्रश्न हेच पानाचं नाव ठेवा. "क्रेडिट नोट मॉड्यूल" असं नाव दिलंत तर ज्याला ते पान हवंय त्याला ते कधीच सापडणार नाही.

गिऱ्हाईकच नसेल, आत्ताच सुरुवात असेल, तर पहिलं पान ठरलेलं: सॉफ्टवेअर टाकल्यापासून पहिलं बिल छापेपर्यंत.

ते लिहायचं कसं?

बरेच जण असं लिहितात: "सेटिंगमध्ये जाऊन आवश्यक माहिती भरून सेव्ह करा व बिल तयार करा." वाक्य खोटं नाही, पण याने कुणाचंही काम होत नाही. कोणती माहिती? ती कुठे मिळेल? बरोबर झालं हे कळणार कसं?

हेच पायरीपायरीने लिहून बघू.

"सेटिंगमध्ये 'दुकान' वर क्लिक करा. तुमचा १५ अक्षरी जीएसटी नंबर टाका. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा नंबर २७ ने सुरू होतो. तुमचा तसा नसेल तर पुढे जाऊ नका, आधी प्रमाणपत्र बघून तपासा. मग 'नवीन बिल' उघडा. सिमेंट निवडा, १० गोणी, दर ३०० रुपये, टॅक्स सोडून. खाली सीजीएसटी २७०, एसजीएसटी २७० आणि एकूण ३,५४० रुपये दिसायला हवेत. ४० रुपयांचाही फरक आला तर 'रक्कम जुळत नाही' हे पान बघा."

यात भारी काही नाही. प्रत्येक पायरीला एकच काम आहे आणि शेवटी पडद्यावर काय दिसायला हवं ते आकड्यात सांगितलंय. दुकानदाराला आकडा कळतो. ३,५४० आले की त्याचा जीव भांड्यात पडतो आणि तुमचा एक फोन वाचतो. चूक झाली तर काय, हेही तिथल्या तिथे लिहिलंय. माझ्या मते पानाची किंमत त्या शेवटच्या ओळीत असते, कारण सगळं नीट चाललेला माणूस पान उघडतच नाही.

पानं वाढू लागली की एक गोंधळ होतो: शिकवणं, काम करून देणं, माहिती देणं आणि कारण सांगणं हे सगळं एकाच पानात घुसतं. डॅनिएले प्रोसिडा यांची डायटॅक्सिस नावाची एक मांडणी आहे, ती डॉक्युमेंटेशनचे हेच चार प्रकार वेगळे ठेवायला सांगते. नवख्याला हाताला धरून नेणारा धडा वेगळा. एखादं काम कसं करायचं याच्या पायऱ्या वेगळ्या. कोणत्या रकान्यात काय भरायचं याची नुसती यादी वेगळी. आणि "दुसऱ्या राज्यातल्या पार्टीला आयजीएसटी का लागतो" हे समजावणं वेगळं. सुरुवातीला चारही भरायच्या मागे लागू नका. दुसरा प्रकार पुरे, आणि पहिल्यातला एक धडा. फक्त घाईत असलेल्या माणसाच्या पायऱ्यांमध्ये जीएसटी कायद्यावर भाषण घालू नका.

कोणत्या साधनात लिहायचं?

इथे लोक आठवडेच्या आठवडे घालवतात, म्हणून थोडक्यात सांगतो. वर्डमध्ये लिहून पीडीएफ पाठवू नका. ती पीडीएफ एकदा ४० मोबाइलवर गेली की परत बोलावता येत नाही. वर्षभराने तुमच्याकडे पाचवी आवृत्ती असते आणि दुकानदार पहिलीच वाचून भांडतो.

मार्कडाउनमध्ये लिहा. साध्या मजकुराला थोड्या खुणा लावायची ही पद्धत जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणली. हॅशची खूण लावली की मथळा, आकडा आणि टिंब दिलं की पायरी. अर्ध्या तासात हात बसतो.

त्याची वेबसाइट करायला एमकेडॉक्स हे मोफत साधन आहे. कॉम्प्युटरवर पायथन असेल तर 'पिप इन्स्टॉल एमकेडॉक्स' या कमांडने ते येतं. मग 'एमकेडॉक्स न्यू' आणि पुढे प्रकल्पाचं नाव दिलं की एक सेटिंगची फाइल आणि 'डॉक्स' नावाचा फोल्डर तयार होतो. त्या फोल्डरमध्ये 'इंडेक्स' नावाचं पान आयतंच असतं. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये शिरून 'एमकेडॉक्स सर्व्ह' म्हटलं की ब्राउझरमध्ये तुमची साइट दिसते. लिहून झालं की 'एमकेडॉक्स बिल्ड'. याने 'साइट' नावाचा फोल्डर बनतो, तो तुम्ही आधीच पैसे भरत असलेल्या होस्टिंगवर चढवा. संपलं. गिटहब पेजेसवरही फुकट ठेवता येतं, पण फुकट खात्यात त्यासाठी रिपॉझिटरी सार्वजनिक लागते. तुमचा कोड त्याच रिपॉझिटरीत असेल तर तोही जगाला दिसेल, तेव्हा सांभाळून.

साधनापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा 'डॉक्स' फोल्डर कोडच्या शेजारी, त्याच गिटमध्ये ठेवा. का, ते उदाहरणानेच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आलं. सॉफ्टवेअर करणाऱ्या सगळ्यांनी दर बदलले, कारण नाहीतर बिलंच चुकली असती. पण जुन्या पानावर तीच १० गोणींची रक्कम ३,८४० रुपये लिहिलेली राहिली असेल, तर? सॉफ्टवेअर बरोबर ३,५४० दाखवतंय, पान ३,८४० म्हणतंय आणि दुकानदाराला वाटतंय सॉफ्टवेअर बिघडलं. चुकीचं पान हे नसलेल्या पानापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवून माणूस चुकतो. कोड आणि पान एकत्र असलं की नियम सोपा होतो: ज्या बदलाने पडद्यावर काही वेगळं दिसणार, त्याच बदलात पानही दुरुस्त करायचं. पान राहिलं तर काम झालं असं म्हणायचं नाही.

याच कारणासाठी स्क्रीनशॉट कमी वापरा. बटणाचा रंग बदलला की फोटो जुना होतो आणि तो बदलायचा सगळ्यांना कंटाळा येतो. शब्दांत सांगता येत असेल तिथे शब्द.

आतल्या माणसासाठी

गिऱ्हाइकाची पानं झाली, आता भागीदारासाठी किंवा उद्या येणाऱ्या मुलासाठी कोडच्या फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक फाइल. नवीन कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट कसा चालवायचा, बॅकअप कुठे जातो आणि तो परत कसा आणायचा, डोमेन आणि एसएमएसचं खातं कुणाच्या नावावर, नूतनीकरण कोणत्या महिन्यात. पासवर्ड मात्र यात चुकूनही लिहू नका, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये.

आणि घेतलेल्या निर्णयांची कारणं लिहा. उदाहरणार्थ, राउंड ऑफ प्रत्येक ओळीवर न करता एकूण रकमेवर केलंय, ते का. किंवा बिल नंबर १६ अक्षरांच्या पुढे का जाऊ देत नाही: जीएसटीच्या नियमात तेवढीच मर्यादा आहे आणि त्या आर्थिक वर्षात नंबर पुन्हा यायला नको. हे लिहिलं नाही तर नवा मुलगा चांगल्या हेतूने ते "सुधारेल" आणि मार्चअखेरीस तुम्ही हिशेब जुळवत बसाल.

कुणाला वाचायला द्यायचं?

मित्राला नको, तो इंजिनिअर असतो. ज्या दुकानात गल्ल्यावर नवीन मुलगा किंवा काकू बसल्यात, तिथे जा. फोनवर पान उघडून द्या, "यात बघून एक बिल करा" म्हणा आणि मागे उभे राहा. बोलायचं नाही. बोट दाखवायचं नाही. त्या जिथे थांबतील तिथे वहीत खूण करा. एखादं वाक्य तीनदा वाचलं गेलं, तर ते वाक्य बदलायचं. काकूंना समजवायला जाऊ नका.

भाषेचा प्रश्न नेहमी येतो: मराठीत लिहू की इंग्रजीत? गिऱ्हाईक ज्या भाषेत तुम्हाला फोन करतं त्या भाषेत. पण बटणाची नावं पडद्यावर जशी आहेत तशीच ठेवा. पडद्यावर इंग्रजीत सेव्ह असेल आणि तुम्ही "जतन करा" लिहिलंत, तर काकू ते बटण शोधत बसतील.

सगळं एका रविवारी उरकायला जाऊ नका. या आठवड्यात प्रश्नांची वही आणि एक पान. ते पान झालं की पुढच्या वेळी त्या प्रश्नाचा फोन येईल तेव्हा फोनवर नेहमीसारखं उत्तर द्या आणि ठेवायच्या आधी म्हणा, "दादा, याची लिंक व्हॉट्सॲपवर टाकतो, परत लागली तर." आणि ज्या प्रश्नाला पाठवायला लिंक नसेल, तो वहीत रेघ मारून ठेवा.