सीमेवरचा बोलका इतिहास

रिओ ग्रांदे नदीच्या एका तीरावर अमेरिकेचे एल पासो शहर आहे, तर दुसऱ्या तीरावर मेक्सिकोचे सिउदाद हुआरेझ. मेक्सिकोतील लोक याच नदीला रिओ ब्राव्हो म्हणतात. या सीमेवर राहणाऱ्यांचे जीवन त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्यावे, या हेतूने एल पासो येथील टेक्सास विद्यापीठाने १९७२ साली मौखिक इतिहासाची संस्था सुरू केली. मुलाखती इंग्रजीत आहेत, तशाच स्पॅनिशमध्येही. माणूस ज्या भाषेत रडतो, त्याच भाषेत त्याला बोलू द्यावे, हे मला फार योग्य वाटते.

या संग्रहातील सर्वांत मोलाचा भाग ब्रासेरोंचा. स्पॅनिशमध्ये ब्रासो म्हणजे बाहू. त्यावरून ब्रासेरो म्हणजे अंगमेहनत करणारा मजूर. महायुद्धामुळे अमेरिकेत शेतीला माणसे मिळेनात, तेव्हा १९४२ साली मेक्सिकोशी करार झाला. तो १९६४ पर्यंत चालला. या काळात सुमारे ४६ लाख करारपत्रे झाली. (माणसे अर्थातच कमी, एकच मजूर अनेकदा जाई.) सरकारी दप्तरात हा आकडा मिळतो. परंतु भरती केंद्रावर कपडे उतरवून, रांगेत उभे करून अंगावर डीडीटीची पूड फवारली जाई, तेव्हा मनाला काय वाटले, हे त्या मजुरांनाच विचारावे लागते.

स्मृती दगा देते, साल चुकते, असा आक्षेप इतिहासाचे अभ्यासक घेतात. तो खोटा नाही. सालांसाठी दप्तराकडेच जावे. पण दप्तर तरी कोणाच्या हाती असते? पहिल्या काही वर्षांत ब्रासेरोंच्या मजुरीतून १० टक्के रक्कम बचत म्हणून कापून घेतली गेली. ती मेक्सिकोत परतल्यावर मिळायची होती. पुष्कळांना ती मिळालीच नाही. पुढे म्हाताऱ्या मजुरांनी आणि त्यांच्या मुलांनी मोर्चे काढले, अमेरिकेत दावेही लावले. अखेर २००५ साली मेक्सिकोने प्रत्येकी ३८,००० पेसो देण्याचे ठरविले. मात्र त्यासाठी जुने कागद दाखवावे लागत. साठ वर्षांपूर्वीचे करारपत्र पत्र्याच्या पेटीत जपून ठेवणारा एखादाच. बाकीच्यांपाशी पुरावा म्हणून उरले होते ते त्यांचे बोलणेच.