अंधार तेवढा राहू द्या

संकेश्वर–बांदा रस्ता आजऱ्यातून पुढे आंबोली, सावंतवाडीकडे उतरतो. नाताळ जवळ आला की गोव्याला निघालेल्या गाड्या इथं चहा-जेवणाला थांबतात, म्हणून रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्यांनीही लॉबीत ख्रिसमस ट्री मांडायला सुरुवात केली आहे. बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची, क्वचित कुठं कोकणातल्यासारखी सुरूची फांदी, आणि तिच्यावर गणपती-दिवाळीत वापरलेल्याच माळा. माझा धंदा लग्नाच्या फोटोंचा, पण डिसेंबरात ‘ट्रीचा एक झकास फोटो द्या की’ हे काम येतंच.

अशाच एका लॉबीत मालकांची नातवंडं झाडाभोवती पळत होती, म्हणून शटर 1/250 ठेवलं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसलं. संगणकावर उघडलं तर फोटोभर आडवे काळपट पट्टे! आपली वीज 50 हर्ट्‌झची. स्वस्तातली एलईडी माळ त्या तालावर सेकंदाला 50 किंवा 100 वेळा मिणमिणते. डोळ्यांना ते कळत नाही, वेगवान शटरला बरोबर कळतं. शटर 1/50 किंवा त्याहून मंद ठेवलं की पट्टे जातात. मग पोरांना झाडाखाली बसवावं लागतं, आणि ती बसली तर!

पण त्याहून जास्त फोटो बिघडतात ते उजेडाच्या हव्यासानं. ‘लॉबी किती काळी दिसाय लागलीया, फ्लॅश मारा की!’ हे मालकांचं ठरलेलं वाक्य. फ्लॅश मारला की माळांचा पिवळसर उजेड मरतो, चकचकीत गोळ्यांत पांढरे ठिपके उमटतात आणि मागची भिंत आणखीच काळी पडते. फ्लॅश बंद ठेवूनही कॅमेरा फसवतो. त्याला बहुतांश अंधारच दिसतो, म्हणून तो सगळा फोटो उजळतो; लाल-निळे दिवे पांढरे फटक होतात आणि चांदणीचा नुसता गोळा उरतो. एक्स्पोजर एका स्टॉपने खाली आणा. मोबाइलवर पेटलेल्या दिव्यावर बोट टेकवा आणि शेजारची सूर्याची खूण खाली ओढा. कोपरे काळे राहिले तर राहू देत. सावली नंतर थोडी उजळता येते, जळालेल्या दिव्यातला रंग मात्र परत येत नाही.

नुसतं झाड टिपायचं असेल तर ट्रायपॉड लावा, आयएसओ 200, छिद्र एफ/8, शटर एक ते चार सेकंद, आणि बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर. ट्रायपॉड नसेल तर मोबाइल काउंटरवर पाण्याच्या बाटलीला टेकवूनही चालतं. माळ लुकलुकत असेल तर तिच्या डबीवरचं बटण दाबत दाबत स्थिर उजेडावर आणा, नाहीतर निम्मी माळ विझलेलीच सापडते.

रंगाचं दुखणं वेगळं. माळा साधारण 3000 केल्विनच्या पिवळट, डोक्यावरची ट्यूब 6000 च्या आसपास निळसर. दोन्ही चालू असताना व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, झाड नाहीतर भिंत आजारी दिसणारच. यावर सॉफ्टवेअरमध्ये तास घालवणारे मी पाहिले आहेत; माझ्या मते तो वेळ वाया जातो. ट्यूब बंद करणं हा एकच इलाज. वेळही साधा: डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं खिडकीत निळा उजेड असतो आणि जेवणाची गर्दीही सुरू झालेली नसते.

तेव्हा आधी काउंटरवर जाऊन विचारा, ‘दादा, दोन मिनिटं ट्यूब बंद करता का?’ सहसा कुणी नाही म्हणत नाही. फोटो झाला की ती परत लावायला मात्र आठवणीनं सांगा. गाडीतून उतरून आत येणाऱ्याला पायरी दिसली पाहिजे.