ओळख पटवणे आणि संमती देणे

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात ‘ओळख पटवणे’ व ‘संमती देणे’ या दोन क्रियांतील भेद नीट ध्यानात घ्यावा. एक उदाहरण पाहू.

अमरावतीतील एका निवृत्त शिक्षकांना आपले आयकर विवरणपत्र पुण्यातील सनदी लेखापालांकडून भरून घ्यायचे आहे. प्रत्यक्ष भेट होणार नाही. लेखापाल प्रथम पॅन व आधारची प्रत मागतात. ही मागणी रास्त आहे. भलत्याच व्यक्तीच्या नावे विवरणपत्र भरले जाऊ नये, हा तिचा हेतू. येथे ‘मास्क्ड’ आधार पाठवता येतो; त्यात 12 अंकांपैकी शेवटचे 4 अंकच दिसतात. प्रतीवर ‘केवळ आयकर विवरणपत्रासाठी’ असे लिहून दिनांक घालावा.

ओळख एकतर्फी नसावी. शिक्षकांनीही लेखापालांचा सदस्यत्व क्रमांक विचारून भारतीय सनदी लेखापाल संस्थेकडे पडताळावा.

ई-पडताळणीसाठी मोबाइलवर येणारा ओटीपी मात्र निव्वळ ओळखीचा पुरावा नव्हे. ती करदात्याची स्वाक्षरीच होय. विवरणपत्र न वाचता तो सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणे. परताव्यासाठी कोणी खोटी वजावट दाखवली, तरी जाब करदात्यालाच द्यावा लागतो. विवरणपत्र भरल्यापासून पडताळणीस 30 दिवस मिळतात. तेवढ्यात ते शांतपणे वाचता येते.

स्वयं-अध्ययन : लेखापालांना पाच ओळींचे पत्र लिहा. सोबत काय पाठवत आहात आणि काय वाचल्याशिवाय देणार नाही, हे त्यात स्पष्ट नमूद करा.