लिंबाच्या तेलात ‘क’ जीवनसत्त्व नसतं

प्रश्न : बदामतेलात लिंबाचं इसेन्शियल ऑइल घालून मी घरीच सीरम करते. ‘क’ जीवनसत्त्व जास्त मिळावं म्हणून थेंब वाढवले, तर गाल चुरचुरू लागले. काय चुकलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, घाबरू नका, पण हे सीरम आजच बंद करा. ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं. ते रसात असतं, सालीच्या तेलात नाही. त्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं आणि हवा लागली की त्याचंच ऑक्सिडीकरण होऊन ॲलर्जी आणणारी संयुगं बनतात. म्हणजे ज्याच्यावर संरक्षणाची भिस्त ठेवली, त्यालाच संरक्षण हवं! शिवाय साल दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. नैसर्गिक वस्तू अपाय कसा करेल, असं वाटेल; पण बिब्बाही नैसर्गिकच, आणि तो उततो.

चुरचुर थांबली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्वचा शांत झाल्यावर ३० मिली बदामतेलात ०.३ मिली टोकोफेरॉल, म्हणजे ‘ई’ जीवनसत्त्व, मिसळा, सुगंध वगळाच. गडद बाटलीत ठेवा आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहा. ‘क’ हवंच असेल, तर तयार सीरम घ्या. ते पिवळट-तपकिरी झालं की टाकून द्या.