हातांना काम, मनाला मान

संत जीन जुगान यांनी १८३९ साली फ्रान्समध्ये एका अंध वृद्धेला घरी आणून स्वतःचा बिछाना दिला. पुढे त्यांच्या आश्रमातील वृद्ध स्त्रिया जमेल तशी लोकर पिंजत, सूत कातत. पोटाची सोय झाली, तरी ‘आपला आता उपयोग नाही’ हे दुःख माणसाला आतून पोखरते.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. त्या दिवशी आपण वृद्धाश्रमात फळे जरूर नेऊ या. पण रोझरी तेथील आजींना सांगू द्यावी, त्यांच्याबरोबर भाजी निवडावी, जुनी गाणी शिकून घ्यावीत. निघताना ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ असे सांगावे. मागणारे कोणी असले, की देणाऱ्याला जगावेसे वाटते.