घर कोणाच्या नावावर?

कुटुंबातील मारहाणीविषयी बोलताना आपण बहुधा दारू, राग व स्वभाव यांपाशी थांबतो. पाळक घरी जातात, समजूत घालतात, प्रार्थना होते. पगाराच्या दिवशी पुन्हा तेच. मग बाहेरची माणसे विचारतात, ही बाई घर सोडून का जात नाही? जाईल कोठे, हे कोणी विचारीत नाही.

प्रदीप पांडा व बीना अगरवाल यांनी केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात सुमारे ५०० विवाहित स्त्रियांचा अभ्यास करून तो २००५ साली प्रसिद्ध केला. ज्यांच्या नावावर जमीन वा घर काहीच नव्हते, त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, घर असलेल्यांत १०, दोन्ही असलेल्यांत ७. बराच काळ मार सोसलेल्यांपैकी मालमत्ता असलेल्या ७१ टक्के स्त्रिया घर सोडून गेल्या, नसलेल्या केवळ १९ टक्के. आणि ज्या परत आल्या त्या बहुतेक मालमत्ता नसलेल्याच. मजुरी आज आहे, उद्या नाही. छप्पर मात्र राहते. हे नवऱ्यालाही ठाऊक असते, म्हणून त्याचा हात आधीच आवरतो.

आई अडकली की लेकरेही अडकतात. रात्रभर जागलेले मूल शाळेत पेंगते. दवाखान्याचा खर्च आणि बुडालेला रोज भरून काढताना पहिली कात्री त्याच्या फीला लागते.

पवित्र शास्त्रात सलाफहादाच्या मुलींनी मोशेपुढे उभे राहून वतन मागितले व त्यांना ते मिळाले (गणना २७). आपल्या देशात त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना समान वाटा मिळण्यास मेरी रॉय यांच्या खटल्याचा १९८६ चा निकाल लागावा लागला. गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता निम्मी निम्मी असते. इतरत्र बापाने मृत्युपत्र केले नसेल, तर १९२५ च्या वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. २००५ च्या कायद्याने तर घर तिच्या नावावर नसले तरी तिला त्यात राहण्याचा हक्क दिला. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

आमच्या घरांत मात्र “लग्नात केले की तिचे” असे म्हणून हक्कसोडपत्र पुढे येते. तो कागद बहिणीपुढे सरकवणारे सख्खे भाऊच असतात, आणि साक्षीदार म्हणून सही करणारे पुष्कळदा मंडळीतलेच कोणी वडील.