उद्दिष्टांची निश्चिती आणि यश : लखनौच्या एका संस्थेचा धडा

'ध्येय' आणि 'उद्दिष्ट' हे शब्द बोलताना समान अर्थाने वापरले जातात. अभ्यासात मात्र त्यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. ध्येय दिशा दाखवते. उद्दिष्ट हे त्या दिशेने टाकावयाचे, मोजता येणारे पाऊल असते. या भेदाचे उत्तम उदाहरण म्हणजे पं. विष्णू नारायण भातखंडे यांचे कार्य आणि लखनौत उभी राहिलेली त्यांची संस्था.

ध्येयाचे विभाजन

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी काही काळ वकिलीही केली. हिंदुस्थानी संगीत शास्त्रशुद्ध व सर्वांना शिकता येईल असे व्हावे, हे त्यांचे ध्येय होते. त्या काळी हे संगीत प्रामुख्याने घराण्यांतून, गुरुमुखातून शिकविले जात असे. प्रचलित गायन आणि जुने संस्कृत ग्रंथ यांचा मेळ बसत नव्हता. एवढे व्यापक ध्येय एकदम साधणे अशक्यच होते. भातखंडे यांच्या कार्यात त्याचे चार स्पष्ट भाग दिसतात : माहितीचे संकलन, वर्गीकरण, ग्रंथलेखन आणि शिक्षणसंस्था.

संकलनासाठी त्यांनी देशभर प्रवास केला. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. तेथील ७२ मेळांच्या पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला. परंतु ती जशीच्या तशी न उचलता उत्तरेकडील प्रचलित रागांसाठी त्यांनी दहा थाट निश्चित केले. बंदिशी लिहून ठेवण्यासाठी सोपी स्वरलिपी तयार केली : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर बिंदू. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा ग्रंथ त्यांनी मराठीत चार भागांत लिहिला. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीसह संग्रहित झाल्या.

अपयशानंतरचे पाऊल

१९१६ मध्ये बडोदे येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. अखिल भारतीय स्तरावरील संगीत अकादमीची कल्पना त्या काळात पुढे आली. भातखंडे यांच्या हयातीत ती साकार झाली नाही. येथे ध्येय सोडून देणे सोपे होते. प्रत्यक्षात उद्दिष्टाचा आकार बदलला. १९१८ मध्ये ग्वाल्हेर येथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. पुढे लखनौतील परिषदांनंतर राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ मध्ये तेथे संगीत महाविद्यालय स्थापन झाले. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्याला देण्यात आले. भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून अनेक वर्षे त्याची धुरा वाहिली. १९ सप्टेंबर १९३६ रोजी भातखंडे यांचे निधन झाले, परंतु कार्य थांबले नाही. पुढे संस्थेला त्यांचे नाव मिळाले, २००० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला आणि आज ती भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते.

ही पद्धती निर्दोष आहे असे नाही. पटदीप, कीरवाणी यांसारखे राग दहा थाटांत नीट बसत नाहीत. तरीही शिकणाऱ्याच्या हाती एक निश्चित चौकट आली, हे तिचे महत्त्व आहे.

परीक्षार्थींसाठी बोध

'परीक्षा उत्तीर्ण व्हायचे' हे ध्येय झाले. 'या आठवड्यात राज्यव्यवस्थेतील मूलभूत हक्कांचे प्रकरण वाचून मागील पाच वर्षांचे त्यावरील प्रश्न सोडवायचे' हे उद्दिष्ट झाले. दुसऱ्या विधानात विषय, परिमाण आणि मुदत तिन्ही आहेत. म्हणूनच आठवड्याच्या अखेरीस ते साधले की नाही, हे सांगता येते. उद्दिष्ट ठरविताना पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात :

१. प्रथम अभ्यासक्रम व जुन्या प्रश्नपत्रिका गोळा कराव्यात. संकलनाआधी नियोजन करू नये.
२. ७२ मेळांतून दहा थाट निवडले गेले, त्याप्रमाणे अनेक पुस्तकांतून मोजकीच निवडावीत.
३. वाचलेले स्वतःच्या टिपणांत उतरवावे. जे लिहिले जात नाही, त्याची उजळणी होत नाही.
४. उद्दिष्ट हुकल्यास ध्येय न सोडता पुढील पाऊल लहान करावे.

यशाची इच्छा सर्वांनाच असते. तिला मुदत आणि मोजमाप देणाऱ्याच्या प्रयत्नांना दिशा मिळते व प्रगतीचा हिशेबही ठेवता येतो.